पितळेच्या भांड्यांचे फोटो काढताना…

प्रश्न : मी हौशी छायाचित्रकार आहे. मावशीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानासाठी फोटो काढतो. पण भांड्यांवर पांढरे चट्टे येतात, शिवाय माझंच प्रतिबिंब दिसतं. काय करू?

उत्तर : चकचकीत धातू आरशासारखा असतो, समोर जे असेल तेच तो दाखवतो. म्हणून भांड्याइतकंच भांड्याभोवतीच्या गोष्टींकडे लक्ष द्या. फ्लॅश बंद ठेवा. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीजवळ टेबल मांडा आणि खिडकीवर पातळ पांढरा कपडा किंवा ट्रेसिंग पेपर लावा. प्रकाशाचा स्रोत मोठा आणि मऊ झाला की चट्ट्यांऐवजी सलग झळाळी दिसेल. समोरच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा. कडा उठून दिसत नसतील, तर फ्रेमच्या अगदी बाहेर काळा कार्डपेपर धरा.

खोलीतले दिवे बंद करा. दोन रंगांचे प्रकाश मिसळले की तांबं-पितळ यांतला फरकच हरवतो. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अॅपर्चर एफ/८ आणि २ सेकंदांचा टायमर ठेवा. लांबून झूम करा, म्हणजे तुमचं प्रतिबिंब लहान होईल. पांढरी पार्श्वभूमी करडी दिसली, तर एक्स्पोजर थोडं वाढवा.

भांडी सुती कापडाने धरा, बोटांचे ठसे उमटणार नाहीत. आतली कल्हई दाखवणारा एक फोटो जरूर काढा. गिऱ्हाईक दुकानात आल्यावर आधी तेच पाहतं!