रॉस यांची बंगळूरची पत्रं

प्रश्न : मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस म्हटले की सिकंदराबाद आठवतं. ते बंगळूरलाही नोकरीला होते असं नुकतंच कळलं. तिथं त्यांनी काय केलं? त्याचं काही लेखी उरलंय का?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : उरलंय, आणि भरपूर. रॉस बंगळूरला पहिल्यांदा आले ते १८८३च्या सुमारास, तरुण लष्करी डॉक्टर म्हणून. बंगल्याच्या खिडकीबाहेर पाण्याचं पिंप होतं, त्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप उपडं केलं आणि खोलीतले डास कमी झाले. पण हे डास मलेरियाही पसरवत असतील, ही शंका तेव्हा त्यांच्या मनात नव्हती.

१८९५च्या सप्टेंबरात कॉलऱ्यामुळे सरकारनं त्यांना पुन्हा बंगळूरला, छावणीच्या आरोग्याच्या कामावर धाडलं. आता त्यांची लेखणी दोन दिशांना चालू लागली. एकीकडे कॉलरा आणि शहर-स्वच्छतेवरचे सरकारी कागद आणि अहवाल. दुसरीकडे लंडनच्या पॅट्रिक मॅन्सन यांना पत्रं. १८९४ साली रॉसना सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे जंतू दाखवले ते मॅन्सननी, आणि डासावर संशय घ्यायला लावलं तेही त्यांनीच.

मॅन्सनचा कयास असा, की डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणूस आजारी पडतो. रॉसनी तसं पाणी माणसांना पाजून पाहिलं, पण हाती ठोस काही लागेना. मग १८९६मध्ये बौरिंग इस्पितळातले साहाय्यक सर्जन अप्पिया आपणहून पुढे आले. मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेले डास त्यांनी स्वतःला चावू दिले. ताप आला नाही, कारण डासच भलत्या जातीचे होते. अप्पियांचं हे धाडस आपल्या शालेय पुस्तकांत मला कुठं दिसलेलं नाही, याची फार खंत वाटते.

मॅन्सनना लिहिलेलं पत्र बोटीनं जायचं. उत्तर हाती पडायला महिन्याहून जास्त लागे, तोवर रॉसचे पुढचे डास कापून झालेले असत. म्हणून या पत्रांत फसलेले प्रयोग, चिडचिड आणि नवी कल्पना एकाच दमात सापडतात. छापील शोधनिबंधात हे कधीच उरत नाही.

पुढे बंगळूर सोडल्यावर, २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत, रॉसना ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटात जंतू सापडले. लगेच सरकारनं त्यांची बदली राजपुतान्यातल्या खेरवाड्याला केली! मॅन्सननी लंडनमध्ये खटपट केली आणि १८९८च्या सुरुवातीला रॉस संशोधनासाठी कलकत्त्याला पोचले. रॉस आणि मॅन्सन यांचा १८९०च्या दशकातला हा पत्रव्यवहार जपला गेला, म्हणून तो आज लंडन आणि ग्लासगोच्या संग्रहांत आहे. १९९८मध्ये तो पुस्तकरूपानंही आला. मिळालं तर बंगळूरची पत्रं आधी वाचा.