विमानप्रतिकृतीचे फ्लॅप व ब्रेक : प्रेषकातील मिश्रणाचा पाठ

जबलपूरजवळ नर्मदेवर बरगी येथे जे धरण बांधलेले आहे, त्याला २१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात पाणी सोडावयाचे झाले, तर कोणता दरवाजा किती उघडावा याचा हिशेब आधीच ठरलेला असतो. ऐन वेळी मनास येईल तो दरवाजा कोणी उचलीत नाही. लहानशा विमानप्रतिकृतीच्या पंखावरही असेच चार ‘दरवाजे’ असतात. त्यांचा हिशेब आधी कसा करून ठेवावयाचा, ते या पाठात पाहू.

प्रश्न कसा उद्भवतो

उन्हाळ्यात बरगीच्या जलाशयाचे पाणी ओसरले, की काठची गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यावर लोक पिके काढतात, गुरे चारतात. समजा, अशा काठावरील ८० मीटर लांबीच्या मोकळ्या पट्ट्यावर आपणांस बिनइंजिनाचे विमान, म्हणजे ग्लायडर, उतरवावयाचे आहे. चांगले ग्लायडर १ मीटर खाली येईपर्यंत सुमारे २० मीटर पुढे जाते. पट्ट्याच्या कडेवर ते १० मीटर उंचीवर असेल, तर वारा नसताना ते २०० मीटर पुढे जाईल; म्हणजे पट्टा ओलांडून पाण्यात किंवा शेतात काम करणाऱ्या माणसांत जाऊन पडेल. नाक खाली दाबल्याने काम भागत नाही, कारण त्यायोगे वेगच वाढतो. उतरण्याचे प्रमाण २० वरून ५ वर आणता आले, तर मात्र तेच विमान ५० मीटरांत भूमीवर येते. हे साधण्यासाठी ब्रेक हवा.

चार पट्ट्या आणि एक शेपूट

पंखाच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या चार पट्ट्या असतात. टोकांकडील दोन पट्ट्यांस एलेरॉन म्हणतात. त्यांच्या योगे विमान डावी-उजवीकडे कलते. धडाजवळील दोन पट्ट्या म्हणजे फ्लॅप. शेपटीवरील आडव्या पट्टीस एलेव्हेटर म्हणतात; तिने नाक वर-खाली होते.

फ्लॅप थोडे खाली केले, तर पंखाची उचल वाढते. ते ६० अंश किंवा त्याहून अधिक खाली केले, की उचलीपेक्षा हवेचा विरोध फार वाढतो. त्याच वेळी दोन्ही एलेरॉन थोडे वर उचलले, तर पंखाच्या टोकांवरील भार कमी होतो; त्यामुळे मंद वेगातही टोक अचानक खाली कोसळण्याचा धोका घटतो. या रचनेस ‘क्रो’, म्हणजे कावळा, असे नाव आहे. तिने विमान तीव्र उताराने, तरीही वेग न वाढविता, खाली येते. परंतु बहुतेक विमानांत या क्रियेमुळे नाक वर उचलले जाते. म्हणून एलेव्हेटर किंचित खाली करावा लागतो.

एकूण पाच पट्ट्या झाल्या. माणसाचे हात दोनच! म्हणून हे काम मिश्रक, अर्थात मिक्सर, करतो. पूर्वी हौशी लोक ही जोडणी विमानातच तरफांनी व सरकत्या पाट्यांनी करीत. गणकयंत्र बसविलेले प्रेषक आल्यापासून तीच जोडणी आकड्यांनी होऊ लागली.

मिश्रणाचा हिशेब

मिश्रणात तीन गोष्टी असतात : स्वामी, म्हणजे ज्या दांडीने आज्ञा द्यावयाची ती, सेवक, म्हणजे आज्ञेने हलणारी पट्टी, आणि प्रमाण. चौथी गोष्ट बहुधा विसरली जाते. ती म्हणजे आरंभबिंदू.

डावी दांडी पूर्ण वर असता तिचे मूल्य +१००, मध्यभागी ० आणि पूर्ण खाली −१०० धरू. दांडी वर असताना ब्रेक मुळीच नको. म्हणून आरंभबिंदू +१०० ठेवावा. सूत्र सोपे आहे :

पट्टीची हालचाल = (आरंभबिंदू − दांडीचे मूल्य) × प्रमाण

फ्लॅपचे प्रमाण ४० टक्के घेतल्यास दांडी पूर्ण खाली येताच (१०० + १००) × ०.४० = ८० एवढी हालचाल मिळते; दांडी मध्यावर असता ४०. एलेरॉनला वरच्या दिशेने १५ टक्के दिले तर शेवटी ३०, आणि एलेव्हेटरला खालच्या दिशेने ५ टक्के दिले तर १० एवढी हालचाल होते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येक विमानाचे आकडे निराळे.

आरंभबिंदू चुकून ० राहिला तर? दांडी वर असता (० − १००) × ०.४० = −४०; म्हणजे उड्डाणाच्या वेळीच फ्लॅप उलट वर जातील. म्हणून दांडी वर ठेवून पंख डोळ्यांनी पाहिल्यावाचून विमान हातातून सोडू नये.

एलेव्हेटरच्या बाबतीत सरळ प्रमाण पुष्कळदा पुरत नाही. फ्लॅपची पहिली हालचाल नाकावर जास्त परिणाम करते, शेवटची कमी. म्हणून वक्र रेषा वापरतात : उदाहरणार्थ ०, ५, ८, ९, १०.

परीक्षा

विमानाला विजेची मोटर असेल, तर जोडणीपूर्वी पंखा काढून ठेवावा. मोटर आणि ब्रेक एकाच दांडीवर कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. मोटरसाठी वेगळी कळ ठेवावी. नंतर पुरेशा उंचीवर प्रथम अर्धा ब्रेक देऊन पाहावा. नाक वर गेले तर एलेव्हेटरचे प्रमाण वाढवावे, खाली गेले तर घटवावे. जमिनीजवळ ब्रेक एकदम मिटू नये. फ्लॅपने दिलेली उचल क्षणात नाहीशी होऊन विमान धपकन खाली येते.

जागेची निवडही याच हिशेबाचा भाग आहे. जबलपूरला डुमना येथे विमानतळ आहे. म्हणून उड्डाणापूर्वी सरकारी हवाई नकाशा पाहावा, आणि धरणाची भिंत, रस्ते व माणसे यांपासून दूर राहावे.

स्वाध्याय : (१) फ्लॅपचे प्रमाण ३५ टक्के असेल, तर दांडी मध्यावर व पूर्ण खाली असता किती हालचाल होईल? (२) दोन्ही एलेरॉन ब्रेकमुळे ३० वर गेलेले असता एका बाजूस आणखी १०० ची आज्ञा दिली, पण पट्टीची मर्यादा १०० च आहे; तर कलण्याची शक्ती का घटेल, याचा विचार करा.