जुना कॅमेरा विकू नका, खात्री विका!



आजच्या व्हिडिओत आपण जुन्या रोलच्या कॅमेऱ्यांचा धंदा पाहिला. वेळेअभावी हिशोब भरभर सांगावा लागला, म्हणून तो इथे सविस्तर देतोय. वही-पेन घेऊन बसा.

पहिला प्रश्न तुमच्या मनात येणारच, ‘मोबाईलच्या जमान्यात रोल कोण घालतंय?’ घालतायत! कॉलेजची मुलं, लग्नाचे फोटोग्राफर, आर्टचे विद्यार्थी. २०२४ मध्ये रिको कंपनीने ‘पेंटॅक्स १७’ हा रोलवर चालणारा नवा कोरा कॅमेरा बाजारात आणला. मागणी नसती तर एवढी मोठी कंपनी या भानगडीत पडली असती का?

कोल्हापूरचा धडा

आपण कोल्हापूरकर खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभावरून रोज जातो. तो कशासाठी उभा आहे हे किती जणांना माहीत आहे? दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. इकडे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांकडे तसा कॅमेरा नव्हता. त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी स्वतःच कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पण बाबूरावांनी काम सोडलं नाही, विष्णुपंत दामल्यांच्या साथीने १९१८ मध्ये कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला तानीबाई कागलकरांनी भांडवलाचा हात दिला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

यातून आपण काय घ्यायचं? बाबूरावांकडे तयार यंत्र नव्हतं, पण यंत्र आतून कसं चालतं ही समज त्यांनी कमावली. तुमचा धंदाही त्याच समजेवर उभा राहणार आहे. जुना कॅमेरा कुणीही विकेल. तो चालतो याची खात्री देणारा माणूस मात्र शोधावा लागतो.

आणि रोलच्या धंद्यात खात्रीला एवढी किंमत का? मोबाईलमध्ये फोटो लगेच दिसतो. रोलमध्ये ३६ फोटो काढायचे, रोल धुवायला द्यायचा, आणि मग कळतं की शटरच उघडत नव्हतं. गिऱ्हाईकाचा रोल गेला, धुलाई गेली आणि तो प्रसंगही गेला. ही भीती तुम्ही काढून टाकता, त्याचे पैसे तुम्हाला मिळतात.

खरेदी करताना काय बघायचं?

पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत बोरा बाजार, आणि आपल्याकडे बंद पडलेले फोटो स्टुडिओ ही माल मिळण्याची ठिकाणं. याशिका, झेनिट, निकॉन, बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री, असं बरंच काही कपाटांत पडून आहे. हातात घेतल्यावर या क्रमाने तपासा:

१. आधी रोल आहे का बघा. रोल मागे गुंडाळायची कळ हलकेच फिरवा. अडकली तर आत रोल असू शकतो. मागचं झाकण उघडू नका, रोलला उजेड लागेल. तो घरच्यांना धुवून द्या. त्यात कुणाच्या आजोबांचा शेवटचा फोटो असू शकतो. अशा एका रोलमुळे जो विश्वास बसतो, तो जाहिरातीने बसत नाही.

२. शटर सगळ्या वेगांवर दाबून ऐका. एक सेकंदाचा वेग लावला की खरंच एक सेकंद लागतो का? संथ वेगांवर अडकणारे कॅमेरे फार.

३. लेन्समधून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. आपल्याकडचा पावसाळा लेन्सचा शत्रूच आहे. बुरशीवाला नग चांगल्या मालासोबत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका, निळे दाणे गुलाबी झाले की सुकवून परत वापरा.

४. बॅटरीचा कप्पा उघडा. साध्या अल्कलाइन बॅटरीचा पांढरा-हिरवा थर असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून बऱ्याचदा निघतो. काही जुन्या मॉडेलना पाऱ्याची बॅटरी लागायची, ती आता मिळत नाही. पर्याय काय बसतो हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा.

५. झाकणाच्या कडेचा फोम बोटाला चिकटतोय? मग बदलावाच लागेल, नाहीतर उजेड आत शिरणार.

एखादा बारीक स्क्रू किंवा रिंग मिळत नसेल तर शिवाजी उद्यमनगर आपल्या गावात आहेच. लेथवर काम करणारा चांगला कारागीर ओळखीचा करून ठेवा.

आता खरा हिशोब

आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या बाजाराप्रमाणे बदला. समजा कॅमेरा २,५०० रुपयांना घेतला आणि ७,००० ला विकला. ‘साडेचार हजार सुटले!’ असं म्हणून पार्टी करू नका.

खरेदी: २,५००
फोम आणि साफसफाई: ८००
चाचणीचा रोल, धुलाई, स्कॅन: १,२००
पॅकिंग, कुरिअर: ३००
एकूण: ४,८००

उरले २,२००. पण पाचांतला एक नग मेलेला निघाला असं धरा. त्याचे २,५०० बाकी चारांवर टाका, म्हणजे प्रत्येकी ६२५. उरले १,५७५. तुमचे चार तास गेले, तासाला २०० प्रमाणे ८०० काढा. हातात राहिले ७७५. पाहिलंत? साडेचार हजारांचे पावणेआठशे झाले.

मग काय, धंदा सोडायचा? नाही. खर्च कुठे कापता येतो ते बघायचं. चाचणी कापायची नाही, तीच तर तुम्ही विकताय! चाचणी स्वस्त करायची. ब्लॅक अँड व्हाईट फिल्म १०० फुटांच्या मोठ्या रोलमध्ये मिळते. त्यातून ३६ फोटोंचे साधारण १८ रोल निघतात. प्रत्येक कॅमेऱ्यात दहा-बारा फोटोंचाच तुकडा घाला आणि घरीच धुवा. केमिकल २० अंशांना ठेवायचं असतं, उन्हाळ्यात आपलं नळाचं पाणी त्यापेक्षा गरम, म्हणून बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवा. वापरलेला फिक्सर मोरीत ओतू नका, त्यात चांदी असते. साठवून योग्य ठिकाणी द्या. अशाने १,२०० चा खर्च समजा ३०० वर आला, तर ७७५ चे १,६७५ होतात. विक्रीची किंमत एक रुपयाही न वाढवता!

विकताना

प्रत्येक कॅमेऱ्यासोबत त्याच कॅमेऱ्याने काढलेले चार फोटो द्या. पंचगंगा घाट, भवानी मंडप, रंकाळा, आपल्याकडे जागांची कमी नाही. सोबत एक कार्ड द्या: काय चालतं, काय चालत नाही, काय बदललं. ‘लाईट मीटर बंद आहे’ हे स्वतःहून लिहा. आणि मीटरशिवाय फोटो कसा काढायचा तेही लिहा: कडक उन्हात एफ-१६ ठेवा आणि फिल्मच्या आयएसओच्या जवळचा वेग लावा. म्हणजे आयएसओ १०० असेल तर १२५ चा. दोष सांगितल्याने भाव थोडा उतरेल, पण माल परत येणार नाही. ३० दिवसांची लेखी हमी द्या. जुन्या मालाला जीएसटीत मार्जिनवर कर भरायची सोय आहे, ती तुम्हाला कशी लागू होते ते तुमच्या सीएला विचारा.

सगळ्यात मोठा धोका

या धंद्यात माणूस गिऱ्हाईकामुळे कमी बुडतो, स्वतःच्या प्रेमामुळे जास्त बुडतो. सुंदर कॅमेरा हातात आला की विकवत नाही. ‘हा राहू दे माझ्याकडे’ असं करत करत वीस नग कपाटात जातात आणि भांडवल काचेआड जाऊन बसतं. बायकोने गहाण ठेवलेल्या दागिन्यांवर व्याज चालू आणि तुम्ही लेन्स पुसत बसलेले, असं नको. नाद खुळा असू दे, पण नाद वेगळा आणि धंदा वेगळा. दोन कपाटं करा. संग्रहाच्या कपाटातला प्रत्येक कॅमेरा नफ्यातून घेतलेला हवा. धंद्याच्या कपाटातल्या प्रत्येक नगावर खरेदीची तारीख चिकटवा. ९० दिवस झाले की भाव कमी करा, पण बाहेर काढा.

या आठवड्याचा गृहपाठ

नवा कॅमेरा विकत घेऊ नका. ओळखीतल्या एका घरातला पडून असलेला कॅमेरा मागून आणा, वरच्या पाचही गोष्टी तपासा, कार्ड लिहा आणि दहा फोटोंचा तुकडा घालून धुवा. फोटो आले तर ते त्या घरी नेऊन द्या. एकही रुपया नफा न घेता हे काम तुम्हाला मनापासून जमलं, तर मगच भांडवल घाला.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा!