घालताना शेवटी, काढताना आधी

आजीचा तन्मणी आता तुझ्याकडे येतोय, तर त्याच्याबरोबर काही गोष्टीही घेऊन जा. माझ्या आत्याने त्या मला सांगितल्या, तिला तिच्या सासूबाईंनी. सगळ्यांत आधी ही लक्षात ठेव: मोती घालायचा शेवटी आणि काढायचा आधी. साडी नेसून झाली, केस झाले, पावडर, अत्तर, केसांवरचा फवारा, सगळं आटोपलं की मग तन्मणी. घरी आल्यावर चपला काढल्या की पहिला हात गळ्याकडे गेला पाहिजे, मग बाकीचं.

मोती शिंपल्यातल्या जिवाच्या अंगात थरावर थर चढत तयार होतो आणि ते थर बहुतांशी चुन्याच्या जातीचे असतात. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की तिथली चकाकी जाते ना, तसंच मोत्याचं होतं. घाम, अत्तर, चिंच, लिंबू, व्हिनेगर, यांतलं काहीही अंगावर राहिलं की त्याचं पाणी हळूहळू उतरतं. आणि एकदा उतरलेलं पाणी परत चढत नाही गं. सोन्याला पुन्हा झळाळी देता येते, मोत्याला नाही.

म्हणून घरी आल्यावर मऊ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, एकेका सरावरून हलक्या हाताने फिरवायचं आणि तन्मणी रात्रभर पंच्यावर आडवा ठेवायचा. खुंटीला टांगायचा नाही, दोरा ताणला जातो. रिठ्याच्या पाण्यात पाटल्या बुडव, मोती बुडवू नकोस, आतला दोरा भिजून कुजतो. पितांबरी, सोडा, टूथपेस्ट यांचं तर नावच नको. सराफांकडे दागिने धुवायचं थरथरणारं मशीन असतं, त्यातही मोती टाकू द्यायचा नाही. माझ्या ओळखीतल्या एका बाईंच्या कुड्या दुकानात अशाच धुतल्या गेल्या आणि मोती पांढरेफटक, निस्तेज होऊन आले. फार हळहळ वाटली मला. तीन पिढ्या वापरलेल्या होत्या त्या.

मोत्याच्या बांगड्यांचं वेगळं सांगते. हिरव्या चुड्याला लागून मोत्याची बांगडी कधी घालू नकोस. काच मोत्यापेक्षा कडक असते, दिवसभर घासून घासून मोत्यावर ओरखडे उठतात. मध्ये सोन्याची पाटली ठेव. आणि मोत्याच्या बांगड्या हातात असताना कणीक मळायला बसायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

आता दोऱ्याचं. लोक मोती बघतात, मी आधी दोरा बघते. तन्मणी तुटतो तो दोऱ्यापायी. आपल्याकडे हे काम पटवेकऱ्याचं. सराफाच्या काउंटरवर देऊन निघून येऊ नकोस, ओवणारा माणूस कोण आहे ते बघ. रेशीम चांगलं पिळाचं हवं आणि मोत्याच्या वेजातून जेमतेम जाईल इतक्या जाडीचं. बारीक रेशमावर मोती सैल हलतो, वेजाची कड दोऱ्याला कापत राहते. टपोऱ्या मोत्यांची एकपदरी माळ असेल तर दोन मोत्यांच्या मध्ये गाठ हवीच. मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एखादाच मोती सांडतो. तन्मण्याच्या बारीक मोत्यांना अशा गाठी नसतात, म्हणून त्याची काळजी जास्त. खोडाजवळचा, म्हणजे मधल्या पदकाजवळचा, दोरा आधी झिजतो, तिथे बोट फिरवून बघत जा. मोत्यांमध्ये फट दिसायला लागली, रेशीम काळपट झालं की वाट बघायची नाही, लगेच नवं ओवून घ्यायचं. पूर्वी मुंबईहून परदेशी जाणारे मोत्यांचे घोससुद्धा निळ्या रेशमावर ओवलेले असत, टोकाला चांदीच्या तारेचे गोंडे. ओवण्याला इतका मान होता.

आपल्या तन्मण्यात बसऱ्याचे मोती आहेत. बसरा हे इराकमधलं व्यापाराचं बंदर. मोती निघायचे बहारीन, कुवेतच्या बाजूच्या आखातात. भर उन्हाळ्यात नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून माणसं तळाशी जायची आणि दोरीला हिसका दिला की वरचा माणूस ओढून घ्यायचा. तिथला माल मुंबईच्या बाजारात यायचा. मुंबईतून तो सगळीकडे जायचा, आणि आपल्या नथी, कुड्या, चिंचपेट्या त्यातूनच झाल्या. पुढे जपानमध्ये कोकिची मिकिमोतोंनी १८९३ साली शिंपल्यात अर्धगोल मोती तयार करवून घेतला, नंतर गोल मोतीही साधले. ते कल्चर्ड मोती आणि जागतिक मंदी, दोन्हींच्या तडाख्यात १९३० नंतर आखातातला धंदा बसला. म्हणून तसे मोती आता बहुतेक करून जुन्या घरांतल्या डब्यांतच सापडतात, आणि म्हणूनच तुला इतकं बजावून सांगतेय.

बाजारात आज ‘बसरा’ म्हणून बरंच काही विकतात. मोती समोरच्या दातावर अगदी हलका घासून बघ. खरखर लागली तर तो शिंपल्यातला, गुळगुळीत लागला तर काचेचा किंवा प्लास्टिकचा. वेजाच्या तोंडाशी भिंगातून बघ, नकली मोत्याचा रंग तिथे पापुद्र्यासारखा निघालेला दिसतो. पण समुद्रातून आपसूक आलेला की माणसाने तयार करवलेला, हे दाताने कळत नाही. त्याला एक्स-रे लागतो. मोठी रक्कम मोजणार असशील तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागायचं, विकणारा कितीही ओळखीचा असो. कल्चर्ड मोत्याला नाव मात्र ठेवू नकोस. तोही शिंपल्यातच वाढतो, घेताना तो कल्चर्ड म्हणून आणि त्याच्या भावाने घ्यावा इतकंच.

आपले मोती थोडे सायीच्या रंगाचे आहेत. कोणी म्हणालं, ‘पांढरेशुभ्र करून देतो,’ तर द्यायचे नाहीत.

नथीच्या मोत्यांना बोट लावून नथ ओढू नकोस, सोन्याच्या तारेला धर. आधी तोंड धुवायचं, क्रीम जिरू द्यायचं, मग नथ.

ठेवताना मलमलीच्या तुकड्यात गुंडाळ, वेगळ्या डबीत. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नकोस. हिऱ्याच्या अंगठीशेजारी तर मुळीच नको. बँकेच्या लॉकरमध्ये वर्षानुवर्षं पडलेला मोती फार कोरड्या हवेत तडकू शकतो. सणासुदीला काढ, घाल, पुसून ठेव.

ओवायला देशील तेव्हा सर किती, प्रत्येक सरात मोती किती, ते कागदावर लिहून पटवेकऱ्यासमोर मोजून दे. खोडाचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, पुढून आणि मागूनही. परत घेताना पुन्हा मोज. एखादा तडकलेला मोती त्याने काढला असेल तर तोही मागून घे, आणि जागेवर कुठला नवा घातला ते त्याच कागदावर लिहून ठेव.