गुणगुण न करणारी केबल

गिटार किंवा सिंथेसायझर साध्या दोन तारांनी ॲम्प्लिफायरला जोडला, तर सुरांबरोबर एक सततची गुणगुण ऐकू येते. ती कोठून येते? घरातील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. तिच्या विद्युतक्षेत्राचा परिणाम उघड्या तारेवर होतो आणि वाद्याच्या क्षीण संदेशाबरोबर तोही वर्धित होतो.

यावर उपाय शील्डेड वायरचा. तिच्यात मधल्या तारेभोवती तांब्याची जाळी असते. ही जाळी ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला जोडलेली असल्याने बाहेरचे क्षेत्र आत पोचत नाही.

अशी ३ मीटर वायर व ६.३५ मिलिमीटरचे दोन मोनो प्लग घ्या. आधी दोन्ही प्लगांची टोपणे वायरीत ओवून ठेवा. मग दोन्हीकडे मधली तार प्लगच्या टोकाच्या जोडणीला आणि पिळलेली जाळी दांड्याच्या जोडणीला सोल्डर करा.

आता मल्टिमीटरने तपासा. टोक टोकाशी व दांडा दांड्याशी जोडलेला हवा. टोक आणि दांडा मात्र एकमेकांशी जोडलेले नकोत. तसे असतील, तर जाळीची एखादी तार मधल्या तारेला चिकटली आहे. ती शोधा, नाहीतर वाद्य मुकेच राहील!

ही केबल विजेच्या खटक्याला मात्र कधीही जोडू नका.