नूह : राजधानीलगतच्या ग्रामीण जिल्ह्याचा अभ्यास

जिल्हा हे भारतीय प्रशासनाचे मूलभूत एकक होय. महसूल, सुव्यवस्था, विकासयोजना व न्यायदान यांच्याशी सामान्य नागरिकाचा संबंध मुख्यतः जिल्ह्याच्या ठिकाणी येतो. परंतु मुख्यालय जवळ आले म्हणजे विकासही जवळ येतो काय? राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हरियाणाचा नूह जिल्हा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

निर्मिती व भूगोल

४ एप्रिल २००५ रोजी गुडगाव व फरिदाबाद जिल्ह्यांचे भाग मिळून हा जिल्हा अस्तित्वात आला. पूर्वीचे 'मेवात' हे नाव २०१६ मध्ये बदलून 'नूह' करण्यात आले. अरवलीच्या रांगा, बारमाही नदीचा अभाव आणि बऱ्याच भागातील खारे भूजल ही येथील प्रमुख वैशिष्ट्ये. हरियाणातील हरितक्रांती कालवे व कूपनलिका यांवर उभी राहिली. जेथे भूजलच खारे, तेथे कूपनलिकेतील गुंतवणूक फलदायी ठरत नाही. त्यामुळे समृद्ध राज्यात राहूनही हा प्रदेश मागे राहिला.

शासन व न्यायव्यवस्था

महाराष्ट्रातील जिल्हाधिकाऱ्याचे स्थान हरियाणात उपायुक्ताकडे असते. तोच जिल्हा दंडाधिकारीही असतो. मात्र न्यायदान त्याच्या अखत्यारीत येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ५० मध्ये न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून विभक्त करण्याचे तत्त्व आहे. जिल्हा न्यायाधीशांची नियुक्ती अनुच्छेद २३३ नुसार राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात, तर कनिष्ठ न्यायालयांवर अनुच्छेद २३५ नुसार उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. नूहचे जिल्हा न्यायालय पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाच्या अधीन आहे. अमेरिकेतील बहुतेक काउंटींमध्ये शेरीफ हा पोलीसप्रमुख लोकनिर्वाचित असतो. आपल्याकडे जिल्ह्याचे प्रमुख अधिकारी नियुक्त असून निर्वाचित घटक जिल्हा परिषदेच्या रूपाने आढळतो.

विकासाची कसोटी

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १०,८९,२६३ होती व सुमारे ८९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. साक्षरता ५४ टक्के, तर स्त्री-साक्षरता अवघी ३६.६ टक्के होती; हरियाणाची स्त्री-साक्षरता त्याच वेळी सुमारे ६६ टक्के होती. जिल्हानिर्मितीनंतर तेरा वर्षांनी, मार्च २०१८ मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या आकांक्षित जिल्ह्यांच्या प्रारंभिक क्रमवारीत हा जिल्हा शेवटच्या स्थानी होता. गुरुग्रामसारखे उद्योगकेंद्र शेजारी असूनही हे घडले, कारण तेथील रोजगाराचा लाभ घेण्यास शिक्षण व कौशल्य आवश्यक असते.

निष्कर्ष

नवा जिल्हा नागरिकाचा प्रवासखर्च व वेळ वाचवितो. आर्थिक परिभाषेत तो प्रशासकीय सेवेची किंमत कमी करतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघरलाही हे लागू पडते. परंतु पाणी, शिक्षक व आरोग्यसेवक यांची उणीव केवळ इमारतींनी भरून निघत नाही. जिल्हानिर्मिती ही विकासाची पूर्वअट ठरू शकते, पर्याय नव्हे. विद्यार्थ्यांनी आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात हा भेद तपासून पाहावा.