ब्राउझरच्या पुरवण्या

परीक्षेत उत्तरपत्रिकेची पाने संपली म्हणजे विद्यार्थी उभा राहून पुरवणी मागतो. पर्यवेक्षक ती देतात आणि विद्यार्थी ती दोऱ्याने मूळ उत्तरपत्रिकेस बांधतो. सुटी पुरवणी कोणी तपासत नाही. मूळ उत्तरपत्रिकेस ती जोडली गेली तरच तिला किंमत. संगणकावरील ब्राउझरलाही अशाच पुरवण्या जोडता येतात. त्यांना ॲड-ऑन किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. ह्या पाठात मात्र आपण त्यांना आपल्या परिचयाच्या पुरवणी ह्याच नावाने ओळखू.

इंटरनेटवरील पाने आणून ती आपल्यासमोर मांडणे हे ब्राउझरचे काम होय. पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९९० साली जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत तयार केला. पुढे ब्राउझर लोकांच्या नित्य वापरात आला, तेव्हा प्रत्येकाची गरज निराळी आहे असे दिसून आले. कोणास जाहिराती नकोशा वाटत, कोणास रात्री वाचताना पानाचा रंग सौम्य हवा असे, तर कोणास वाचलेल्या मजकुराची नोंद ठेवावयाची असे. ह्या साऱ्या सोयी एकाच ठिकाणी कोंबल्या असत्या, तर ब्राउझर बोजड झाला असता. म्हणून मूळ साधन आटोपशीर ठेवावे आणि ज्याला जे हवे ते त्याने वरून जोडून घ्यावे, हा विचार रुजला. २००४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या फायरफॉक्स ह्या ब्राउझरला जी लोकप्रियता लाभली, तिचे एक कारण ह्या पुरवण्या हेच होते. गुगलच्या क्रोमनेही २०१० साली ही सोय उपलब्ध करून दिली.

ह्या पुरवण्यांपैकी जाहिराती अडविणारी पुरवणी सर्वांत प्रसिद्ध आहे. ती काम कसे करते, हे पाहण्यासारखे आहे. आपण एखादे पान उघडतो तेव्हा ते एकाच ठिकाणाहून येते अशी आपली समजूत असते. वस्तुतः मजकूर एका ठिकाणाहून, चित्रे दुसरीकडून, आणि जाहिराती तिसरीकडून येतात. शिवाय हा वाचक कोण व तो काय वाचतो, ह्याची टिपणे घेणारे काही हेरही त्यांच्यासोबत गुपचूप येतात. पुरवणी दारावर यादी घेऊन बसलेल्या देवडीवाल्याप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकाचा पत्ता विचारते. पत्ता यादीत असला, की त्याला बाहेरच थोपविते. त्यामुळे पान लवकर उघडते व डेटाही कमी खर्च होतो. रेमंड हिल ह्यांची यूब्लॉक ओरिजिन ही २०१४ सालापासूनची अशीच एक पुरवणी. विशेष हे की, ह्या गृहस्थांनी तिच्यासाठी कोणाकडूनही देणगी घेण्याचे नाकारले आहे. अर्थात जाहिरातींच्या उत्पन्नावरच काही वृत्तपत्रे चालतात, हेही विसरता येत नाही. ज्याचे श्रम आपण रोज वाचतो, त्याच्या संकेतस्थळापुरती ही अडवणूक बंद ठेवण्याची सोय पुरवणीत असते. ती वापरणे मला न्याय्य वाटते.

अभ्यासूंसाठी झोटेरो नावाची पुरवणी अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ साली तयार झाली. वाचलेल्या ग्रंथाचे व लेखाचे नाव, कर्ता, वर्ष ही माहिती ती टिपून ठेवते. शब्द तपासणाऱ्या पुरवण्या निरनिराळ्या भाषांसाठी आहेत. त्या चुकीच्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढतात. परंतु मराठीत घर ह्या एका शब्दाची घरात, घराच्या, घरासमोरच्यांनाही अशी कितीतरी रूपे होतात. ती सर्व यंत्राच्या कोशात असतीलच असे नाही. तेव्हा रेघ दिसताच शब्द खोडू नये. एकदा शब्दकोश उघडून पाहावा.

आता थोड्या गंभीर गोष्टीकडे वळू. पुरवणी जोडताना ब्राउझर एक सूचना दाखवितो. तिचा आशय पुष्कळदा असा असतो, की ही पुरवणी सर्व संकेतस्थळांवरील तुमची माहिती वाचू शकेल व बदलूही शकेल. बहुतेक लोक ती न वाचताच होकार देतात. पण जाहिरात अडवावयाची तर पुष्कळदा पान वाचावे लागते. आणि जी पुरवणी पान वाचते, तिला त्याच पानावर आपण लिहिलेले पत्र आणि टाकलेला पासवर्डही वाचता येतो. घरकामाला ठेवलेल्या माणसाच्या हाती आपण किल्ली देतो, तसाच हा प्रकार आहे. माणूस प्रामाणिक असला तर चिंता नाही. परंतु किल्ली तीच राहिली आणि माणूस बदलला तर?

असे एकदा घडले. द ग्रेट सस्पेंडर नावाची क्रोमची एक पुरवणी होती. उघडून ठेवलेली पण वापरात नसलेली पाने ती झोपवून ठेवी, त्यामुळे संगणकावरील भार हलका होई. वीस लाखांहून अधिक लोक ती वापरीत. जून २०२० मध्ये तिच्या कर्त्याने ती विकली. ती घेणारा कोण, हे लोकांना कळले नाही. पुरवणीची नवी आवृत्ती ब्राउझर आपण होऊन उतरवून घेतो, त्यामुळे मालक बदलल्याचा वापरणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. काही महिन्यांनी निघालेली आवृत्ती बाहेरच्या संगणकावरून गुपचूप आज्ञा आणून त्या चालवू लागली. ह्या पुरवणीचा मूळ मजकूर सर्वांना पाहण्यासाठी खुला होता. तो आणि प्रत्यक्ष वाटली जाणारी आवृत्ती ह्यांत फरक आहे, हे काही चौकस वाचकांनी ताडले व बोभाटा केला. अखेर फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने ती धोकादायक ठरवून लोकांच्या संगणकांवर बंद केली. तिने झोपवून ठेवलेली कित्येकांची पाने त्याबरोबर एकाएकी दिसेनाशी झाली. पुढे त्याच खुल्या मजकुरातून संशयास्पद भाग वगळून इतरांनी निराळ्या नावाने ती पुरवणी पुन्हा सिद्ध केली.

ब्राउझरच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात कोड्याच्या तुकड्याचे लहानसे चित्र असते. तेथे दाबले की जोडलेल्या पुरवण्या दिसतात. कोणत्या पुरवणीला कशाची परवानगी दिली आहे, हे पुढे जाऊन पाहता येते. नको असलेली तेथूनच काढूनही टाकता येते. शाळेतील संगणकावर तर ही यादी शिक्षकांसमवेत अधूनमधून अवश्य पाहावी. कारण तेथे एकाने जोडलेली पुरवणी तो उठून गेल्यावरही तशीच राहू शकते, आणि पुढच्या तासाला त्या खुर्चीवर बसणाऱ्याची पाने वाचू लागते.